पाठीमागची सांज

दिवस आणि रात्र यांच्या मधल्या वेळेला मराठीने किती नावे दिली आहेत, याची एकदा मोजदाद करून पाहा. सांज, तिन्हीसांजा, दिवेलागण, कातरवेळ, गोरजवेळ, प्रदोष. गंमत अशी, की यांतल्या बहुतेक नावांमध्ये सूर्य नाहीच. दिवेलागणीत दिवा आहे, गोरजात घरी परतणाऱ्या गाईंच्या खुरांची धूळ आहे, कातरवेळेत मनाची हुरहुर आहे. सूर्य ज्यात स्पष्टपणे उभा आहे, तो ‘सूर्यास्त’ हा शब्द पंचांगाच्या रकान्यातला. आणि ‘सनसेट पॉइंट’ हा थंड हवेच्या ठिकाणी मिळणारा. या घटकेला हातातले काम टाकून सूर्याकडे पाहत बसायचे असते, ही कल्पना आपल्या रोजच्या बोलीला फारशी मानवलेली दिसत नाही.

माझ्या आईने या अर्थाने सूर्यास्त ‘पाहिला’ असेल, असे मला वाटत नाही. त्या वेळी ती तुळशीपाशी दिवा लावीत असे, वाळत घातलेले कपडे आत घेत असे, आम्हा मुलांना हातपाय धुवून शुभंकरोतीला बसवीत असे. तिन्हीसांजेला उंबरठ्यावर बसू नये, केस विंचरू नयेत, झोपू नये, असे अनेक निषेध तिला पाठ होते. त्यांतला एकही निषेध सूर्याकडे पाहू नये असे सांगत नव्हता. परंतु सगळे मिळून तिला पाहण्याची उसंतही देत नव्हते. म्हणून केवळ मावळता सूर्य पाहण्यासाठी मी जेव्हा शेकडो किलोमीटरचा प्रवास करून, पाठीवर पिशवी टाकून, एका जलाशयाच्या काठी तंबूत मुक्कामाला गेलो, तेव्हा मनात एक प्रश्न सोबत होता. हा जो आनंद आपण घेणार आहोत, तो नेमका कोणाच्या जोरावर? वाचकहो, त्या प्रश्नाचा माग काढीत तुम्हांलाही मी त्या काठावर घेऊन जाणार आहे.

अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात, सह्याद्रीच्या ऐन कुशीत भंडारदऱ्याचा जलाशय आहे. रतनगडावर उगम पावणाऱ्या प्रवरा नदीवर इंग्रजी अमदानीत १९१० साली धरणाचे काम सुरू झाले आणि १९२६ साली ते पूर्ण झाले. शेंडी गावाजवळ उभी असलेली ही दगडी भिंत सुमारे ८२ मीटर उंच आहे. यंत्रे अपुरी असण्याच्या त्या काळात दुर्गम डोंगरात इतकी उंच भिंत उभी करणे म्हणजे किती हातांचे श्रम लागले असतील, याची कल्पना करून पाहा. धरणाला नाव मिळाले ते मात्र मुंबई प्रांताचे तेव्हाचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचे. भिंतीमागे सुमारे ११ टीएमसी पाणी साठते आणि ते डोंगरांच्या बेचक्यांत शिरत शिरत पश्चिमेला थेट रतनवाडीच्या आणि घाटघरच्या दिशेने पसरत जाते. नकाशावर पाहिले तर बोटे फाकलेल्या हाताच्या पंज्यासारखे ते दिसते. त्यातल्या एका बोटाच्या टोकाशी आमचा तंबू होता.

पौष महिना होता. पावसाळा संपल्यावर धरणातून खालच्या शेतीसाठी आवर्तने सुटू लागतात आणि काठ दिवसेंदिवस मागे सरकत जातो. पाणी जिथून मागे हटलेले असते, तिथे आधी चिखल, मग भेगाळलेली माती, मग कोवळे गवत असे पट्टे पडतात. एखाद्या झाडाच्या खोडातली वर्तुळे वाचावीत तसे हे पट्टे वाचता येतात. आमचा तंबू त्यांच्याही वर, भात कापून मोकळ्या झालेल्या खाचराच्या बांधालगत होता. खाचर ज्या कुटुंबाचे होते, त्याच कुटुंबाकडे जेवणाची सोय होती. घरधनीण साठीच्या आसपासच्या. आम्ही त्यांना मावशी म्हणू लागलो. पावसाळ्यात भात, पुढे हिरडा गोळा करणे, चार शेळ्या, आणि अलीकडच्या काही वर्षांत काजवे पाहायला आणि तंबूत राहायला येणारी आमच्यासारखी माणसे, असा त्यांच्या संसाराचा वार्षिक हिशेब होता. दुपारी त्यांनी तांदळाची भाकरी आणि हुलग्याचे पिठले वाढले आणि कड्याकडे जाणारी पायवाट दाखवून सांगितले, “उजेडात जावा, न् बॅटरी घेऊन जावा. येताना वाट आपली नसती.”

वाट तशी सोपी होती. भाताच्या कापलेल्या धसकटांतून, पेंढ्याच्या उडव्यांच्या बाजूने, मग विरळ रानात. कारवीची झुडपे वाळून खडखडत होती. वर्षानुवर्षे मुकाट उभी राहून सात वर्षांतून एकदाच फुलणारी ही झुडपे. तिच्याच काठ्यांचे कूड विणून, शेणमातीने लिंपून इथली घरे उभी राहत आली आहेत. उंबर, जांभूळ, हिरडा ही झाडे ओळखीची वाटत होती. उत्तरेला अलंग, मदन आणि कुलंग यांचे कातळ रांगेने उभे होते. ईशान्येला १६४६ मीटर उंचीचे कळसूबाईचे शिखर. महाराष्ट्रात त्याहून उंच जागा नाही. जसजसे पश्चिमेकडे जावे तसतशी जमीन हळूहळू चढत गेली आणि मग एकाएकी संपलीच. पुढे पाऊल टाकायला काही नव्हते. खाली, शेकडो मीटर खाली, ठाणे जिल्ह्यातले कोकण पसरलेले होते. नागलीच्या पिठात रेघोट्या ओढाव्यात तसे तिथले ओढे दिसत होते.

या कड्यावर उभे राहिल्यावर एक गोष्ट तुम्हांला पायांनी समजते. आपण ज्या जमिनीवर उभे आहोत, तिच्या कडेला पडलेला पावसाचा थेंब चार हात पलीकडे पडला असता, तर कोकणात उतरून दोन-तीन दिवसांत अरबी समुद्राला मिळाला असता. चार हात अलीकडे पडला, की तो प्रवरेचा होतो. मग धरणात थांबतो, अकोले-संगमनेरच्या शेतांतून वाहतो, प्रवरासंगमाला गोदावरीत जातो आणि सबंध दख्खन ओलांडून बंगालच्या उपसागराला पोहोचतो. वाटेत नेवासे लागते. शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये, याच प्रवरेच्या काठी ज्ञानदेवांनी गीतेवरील आपले भाष्य मराठीत सांगितले. मराठीचे विद्यार्थी म्हणून तुम्ही ज्या ग्रंथापाशी पुन्हा पुन्हा याल, त्याच्या शेजारून वाहिलेले पाणी या डोंगरावरून उतरलेले आहे. पुढे विसाव्या शतकात याच पाण्याच्या कालव्यांवर ऊस उभा राहिला आणि लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखानदारीचा पाया घातला गेला. ग्रंथ काय आणि गोडी काय, खालच्या मुलुखाला दोन्ही या पाण्याच्या काठी लाभले. वरच्या गावांच्या वाट्याला पाऊस आला. घाटघरच्या परिसरात जिल्ह्यातला सर्वाधिक पाऊस पडतो, आणि उन्हाळ्यात इथल्या वाड्यांतल्या बाया डोक्यावर हंडे घेऊन उतारावरून चढताना दिसतात.

सूर्य आता खाली येऊ लागला होता. हिवाळ्यात कोकणावर धुरकट हवेचा थर साचलेला असतो. त्यामुळे सूर्य क्षितिजाला टेकून बुडताना दिसत नाही. आधी तो पिवळा होतो, मग नारिंगी, मग तांब्याच्या ताटासारखा निस्तेज लाल. मग खालून चेपल्यासारखा किंचित लंबगोल होतो. निळा प्रकाश हवेतल्या कणांनी वाटेतच उधळून टाकलेला असतो. आडव्या, लांब वाटेने आपल्यापर्यंत पोहोचू शकणारा तेवढा तांबडा उरतो. ज्या घटकेला सूर्याची कडा क्षितिजाला लागलेली आपल्याला दिसते, त्या घटकेला तो प्रत्यक्षात क्षितिजाच्या खाली गेलेलाच असतो. पृथ्वीचे वातावरण त्याचे किरण वाकवून त्याची प्रतिमा उचलून धरते. शिवाय तो प्रकाशही सुमारे आठ मिनिटे वीस सेकंदांपूर्वी निघालेला असतो. डोळ्यांसमोर बुडत असलेले बिंब पाहताना आपण खरे तर एका गेलेल्या पाहुण्याचा निरोप घेत असतो.

कड्याच्या पलीकडच्या अंगाला पंधरा-वीस जणांचा एक घोळका आलेला होता. सूर्य दिसेनासा झाला तसा त्यांनी टाळ्या वाजवल्या, एकमेकांची छायाचित्रे काढली आणि दोन-चार मिनिटांत सगळे निघूनही गेले. नाटकाचा पडदा पडल्यावर प्रेक्षक उठतात तसे. त्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही; त्यांना जे पाहायचे होते ते संपले होते. मीही निघण्यासाठी उठलो, पिशवीचे बंद आवळण्यासाठी पूर्वेकडे वळलो आणि तसाच थांबलो.

पूर्वेला, दूर जलाशयाच्या पलीकडे, क्षितिजालगत एक गडद निळसर-करडा पट्टा उभा राहिलेला होता. ढग म्हणावा तर त्याची वरची कड फार सरळ आणि फार शांत होती. त्या कडेच्या वर गुलाबी रंगाची एक रुंद झालर होती, आणि ती झालर वरच्या फिक्या आकाशात कुठे विरून जाते हे सांगता येत नव्हते. पाहता पाहता निळा पट्टा वर सरकू लागला. भोवतालचे सगळे डोंगर राखी झालेले असताना कळसूबाईचा माथा मात्र अजून उजळलेला होता; आमच्यासाठी मावळलेला सूर्य तिथे थोडा शिल्लक होता. मग तोही माथा विझला. निळाई डोंगररांगेच्या वर आली, पाण्यात उतरली, आणि पाणी कोणते व आकाश कोणते हे काही क्षण कळेना.

तुम्ही हे पाहिले आहे का? पाहिले असेल, तर त्याला नाव काय द्यायचे हे ठाऊक आहे का? तो निळा पट्टा म्हणजे पृथ्वीची सावली. आपण पृथ्वीची सावली चंद्रग्रहणाच्या रात्री चंद्रावर पडलेली पाहतो आणि तेवढ्यासाठी रात्र जागवतो. तीच सावली निरभ्र आकाश असेल तर रोज संध्याकाळी आपल्या पाठीमागे, पूर्वेच्या हवेवर पडलेली असते. साधारण पंधरा-वीस मिनिटे ती वर चढत जाते, आणि मग तिची कड विरघळून सगळे आकाशच तिचे होते. रात्र ‘पडते’ असे आपण म्हणतो. त्या संध्याकाळी मला ती जमिनीतून उगवताना दिसली.

परत येताना वाट खरोखरच आपली नव्हती. जाताना ओळखीची झालेली झाडे बॅटरीच्या उजेडात अनोळखी वाटत होती. तंबूपाशी पोहोचलो तेव्हा मावशी शेळ्या बांधून, चुलीपाशी बसल्या होत्या. “दिसला का सूर्य?” त्यांनी विचारले. मी होकार दिला, आणि मग राहवेना म्हणून पूर्वेला पाहिलेल्या त्या निळ्या पट्ट्याचे वर्णन करू लागलो. नवे काही सांगतो आहोत अशा उत्साहात मी बोलत होतो. मावशींनी भाकरी उलटली आणि म्हणाल्या, “ते निळं होय? पाण्यावरनं उठतं ते? ते तर रोजचंच. ते डोंगराच्या वर आलं का शेळ्या घरात हव्यात. बिबट्या हिंडायची वेळ ती.”

मी गप्प बसलो. नंतर त्यांच्या बोलण्यातला भूगोल हळूहळू उलगडला. चराईचे रान पश्चिमेला, कड्याच्या बाजूला. घर पूर्वेला, पाण्याच्या बाजूला. म्हणजे रोज संध्याकाळी त्या सूर्याकडे पाठ करून घरी येतात. पश्चिमेचा देखावा त्यांच्या वाट्याला येत नाही; परंतु पूर्वेची ती निळाई, जिच्यासाठी मला अचानक वळावे लागले, ती त्यांच्या समोर जन्मभर रोज उभी राहिलेली आहे. तिच्यावरून त्या वेळ ओळखतात. ‘सूर्यास्त पाहण्याची उसंत नसलेली माणसे’ असा एक करुण शब्दप्रयोग मी मनात तयार करून नेला होता; तो तिथे लागू पडत नव्हता. त्यांचे पाहणे वेगळ्या दिशेचे होते, आणि ते कामाच्या आत होते.

जेवताना मावशींनी आणखी एक गोष्ट सांगितली, तीही अशीच सहज. अंधारात चमकणाऱ्या पाण्याकडे हात करून त्या म्हणाल्या, “आमच्या सासऱ्यांच्या आज्याची खाचरं तिथं होती. मधल्या पाण्यात.” उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर त्यांतले काही दिसते का, असे मी विचारले. “दिसायचं काय? गाळ बसला. पण कुठं होती ते ठाऊक हाये.” शंभर वर्षांपूर्वी बुडालेल्या शेताची जागा एका कुटुंबाने चार पिढ्या तोंडी सांभाळून ठेवली आहे. धरणाच्या नोंदीत गव्हर्नरचे नाव आहे; या खाचरांची नावे मावशींच्या बोटाच्या दिशेत आहेत. आम्हांला सुंदर वाटणारे ते पाणी कोणाच्या तरी जमिनीवर पसरलेले होते. मघाच्या माझ्या प्रश्नाला हे उत्तर मिळाले, आणि त्यानंतर ते पाणी कमी सुंदर दिसू लागले असे मात्र नाही. ते अधिक खोल दिसू लागले.

हा मुलूख विसरण्याच्या बाबतीत सावध आहे. इथल्याच देवगावात जन्मलेल्या राघोजी भांगरे यांनी महादेव कोळ्यांना संघटित करून सावकारी आणि इंग्रजी सत्ता यांविरुद्ध बंड केले. २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी देण्यात आले. ज्या कड्यावर आम्ही सूर्य पाहायला गेलो होतो, त्याच्या खाली पसरलेला प्रदेश हा ठाण्याच्याच दिशेचा. तिकडे सूर्य मावळताना पाहून इथल्या एखाद्या म्हाताऱ्याला काय आठवत असेल, हे प्रवाशाला कोणी सांगत नाही. त्याने आपण होऊन विचारावे लागते.

रात्री तंबूबाहेर बसलो. पूर्वेकडून मृग नक्षत्र वर आले होते, त्यामागे व्याध. कृत्तिकांचा पुंजका जवळजवळ डोक्यावर होता. पश्चिमेच्या आकाशात मात्र क्षितिजालगत एक पिवळसर उजेड पसरलेला होता. तो सूर्याचा नव्हता, कोकणपट्टीतल्या शहरांचा होता. त्या उजेडाचाही या डोंगराशी संबंध आहे. घाटघरला एक विलक्षण वीजप्रकल्प आहे. वर प्रवरेवर एक बंधारा, खाली कोकणात दुसरा, आणि दोहोंच्या मध्ये डोंगराच्या पोटातून खोदलेला बोगदा. विजेची मागणी वाढली की वरचे पाणी खाली सोडून वीज तयार करायची. मागणी कमी झाली की तेच पाणी पंपांनी पुन्हा वर चढवायचे. त्याची क्षमता २५० मेगावॉट आहे. विजेची मागणी जेव्हा शिगेला पोहोचते, त्या वेळांपैकी एक म्हणजे संध्याकाळ. घराघरांत दिवे लागण्याची वेळ. म्हणजे आपल्या भाषेतली ती जुनी दिवेलागण आजही या डोंगरात पाळली जाते. फक्त तिच्यासाठी आता वातीऐवजी पाणी लागते.

वाचकहो, तुम्हांपैकी कित्येकजण दिवसभर शेतात, दुकानात, कार्यालयात किंवा घरात राबून, दिवे लागल्यावर ही पुस्तिका उघडत असाल. संध्याकाळ ही तुमच्यासाठी देखाव्याची नव्हे, दुसऱ्या कामाची सुरुवात असते. म्हणून ‘एकदा तरी भंडारदऱ्याला जाऊन सूर्यास्त पाहा’ एवढाच उपदेश करून मी थांबणार नाही. गेलात तर अवश्य जा. हिवाळ्यात जा, उजेडात वाट पाहून ठेवा, कड्याच्या काठापासून अंतर राखा, रात्री पाण्यात उतरू नका, कर्ण्याचा आवाज आणि प्लॅस्टिकचा कचरा त्या काठावर ठेवून येऊ नका, आणि ज्यांच्या खाचरात तंबू ठोकाल त्यांच्याशी घटकाभर बोला. पण जाणे जमले नाही, म्हणून काही अडत नाही. मी ज्यासाठी तिथे थबकलो, त्याला डोंगर लागत नाही, तलाव लागत नाही.

पूर्वेला थोडे मोकळे आकाश असलेली गच्ची, अंगण किंवा एसटीची खिडकी पुरते. निरभ्र संध्याकाळी सूर्य मावळला की पाच-सात मिनिटांनी त्याच्याकडे पाठ करून उभे राहा. क्षितिजालगत तो निळसर पट्टा शोधा. त्याच्या वरची गुलाबी झालर शोधा. पहिल्या दिवशी कदाचित धूळ आड येईल, दुसऱ्या दिवशी समोरची इमारत. चार-सहा दिवसांत तो सापडेल. सापडला, की शेजारी उभ्या असलेल्या कोणाला तरी दाखवा, आणि ते माणूस वयाने मोठे असेल तर त्याला आधी विचारा. बहुधा त्याने तो केव्हाच पाहिलेला असेल, आणि त्या वेळी आपण कोणते काम करीत होतो, हेही ते तुम्हांला सांगेल.